आधी व्रण, मग ग्लो: मायक्रोनीडलिंग आलं कुठून

आजकाल पार्लरच्या बोर्डावर, इन्स्टावर, स्किन क्लिनिकच्या पॅकेजमध्ये सगळीकडे मायक्रोनीडलिंग दिसतं आणि बऱ्याच जणांना वाटतं की हा फेशियलचाच पुढचा प्रकार, चेहऱ्यावर चमक आणायचा. पण मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला छिद्रं पाडायचा हा उपचार, चमकेसाठी निघालाच नव्हता. तो निघाला व्रणांसाठी, म्हणजे मुरुमांचे खड्डे, भाजल्याचे डाग, ऑपरेशनच्या खुणा यांच्यासाठी, आणि एवढं कळलं की त्याच्याकडून काय मिळेल आणि काय नाही हे बरंचसं आपोआप कळतं, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

खूप ठिकाणी वाचायला मिळतं की १९०५ साली जर्मनीत एर्न्स्ट क्रोमायर या त्वचारोगतज्ज्ञांनी मायक्रोनीडलिंग सुरू केलं. तसं नाहीये. क्रोमायर सुया टोचत नव्हतेच, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं मोटरवर गरागरा फिरणारं बर घेऊन ते व्रण, काळे डाग, जन्मखुणा घासून काढायचे. पण त्यांनी एक गोष्ट पक्की हेरली होती, की जखम त्वचेच्या वरवरच्या भागातच राहिली तर ती नवा व्रण न सोडता भरून येते आणि खोल गेली की खूण राहते. पुढचं सगळं या एका निरीक्षणावर उभं आहे. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅबनर कर्टिन यांनी बरच्या जागी वेगात फिरणारा तारेचा ब्रश आणला आणि डर्माब्रेजन, म्हणजे त्वचा घासून काढणं, जोरात सुरू झालं, रसायनाने वरची त्वचा सोलणारे केमिकल पील होतेच, नव्वदच्या दशकात लेझर आले. हत्यारं बदलत गेली पण कल्पना तीच, वरची त्वचा काढून टाका म्हणजे खालून नवी येईल.

आता यात आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेची अडचण लक्षात घ्या. वरचा थर खरवडला किंवा भाजला की आपली त्वचा चिडून जास्तीचं रंगद्रव्य तयार करते आणि खड्डा भरला तरी त्या जागी काळा डाग बसतो, तो कधीकधी महिनोन् महिने जात नाही. गोऱ्या त्वचेच्या पेशंटवर बेतलेले हे उपचार जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांना जपूनच घ्यावे लागायचे. मायक्रोनीडलिंगचं महत्त्व मला इथे वाटतं, ग्लोमध्ये नाही.

वळण आलं नव्वदच्या दशकात, आणि ते दोन-तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी आलं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन आणि डेव्हिड ओरेंट्राइख या बापलेकांनी सबसिजन नावाची पद्धत मांडली. खड्डा पडलेला व्रण खालच्या थराला घट्ट धाग्यांनी खेचून धरलेला असतो, तर त्याखाली सुई घालून ते धागेच तोडायचे, वरची त्वचा कापायची नाही. धागे तुटले की खड्डा वर येतो आणि आत झालेल्या जखमेमुळे तिथे नवीन ऊतीही तयार होते.

दुसरी गोष्ट माँट्रियलची, आणि ही मला सगळ्यात आवडते. आंद्रे कामिराँ हे प्लास्टिक सर्जन होते, फेसलिफ्ट केलेल्या काही पेशंटच्या व्रणांवर पांढरट पट्टे राहायचे, ते झाकायला त्यांनी टॅटूच्या मशीनने कातडीच्या रंगाची शाई भरली. वर्ष-दोन वर्षांनी बघतात तर शाई उडून गेलेली, पण व्रण मात्र सुधारलेला, मऊ पडलेला आणि काही ठिकाणी त्वचेचा स्वतःचा रंग परत आलेला. मग त्यांना शंका आली की काम शाईने केलंच नसेल, सुईने केलं असेल, म्हणून पुढच्या वेळी त्यांनी शाई न घालता नुसतं टॅटू मशीन व्रणांवर फिरवलं. १९९७ मध्ये कामिराँ आणि गी दूसे यांनी हे निडल डर्माब्रेजन या नावाने छापलं.

साधारण त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला डेस्मंड फर्नांडिस हे प्लास्टिक सर्जन वरच्या ओठावरच्या बारीक उभ्या सुरकुत्यांवर सुया टोचून बघत होते. एकेक सुई टोचत चेहरा कधी संपणार, म्हणून त्यांनी सुया लावलेला छोटा रोलर बनवला जो चेहऱ्यावर फिरवला की हजारो छिद्रं पडतात, आणि २००२ मध्ये त्यांनी ही पद्धत लेझरला पर्याय म्हणून मांडली. त्यांनी दिलेलं नाव होतं परक्युटेनियस कोलॅजेन इंडक्शन, म्हणजे त्वचेतून आत जाऊन कोलॅजेन, त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार करायला लावणं. वरचा थर काढायचा नाही, शाबूत ठेवायचा, त्यात फक्त बारीक छिद्रं पाडायची जी लवकर मिटतात, ही उलटी दिशा पकडण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आत नेमकं होतं काय, तर सुई खालच्या थरापर्यंत म्हणजे डर्मिसपर्यंत गेली की तिथे अगदी बारीक रक्तस्राव होतो, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे कण, जमतात आणि वाढीचे घटक सोडतात, त्या निरोपावर फायब्रोब्लास्ट या दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात आणि कोलॅजेन विणायला लागतात. आधी कच्चं, टाइप ३ कोलॅजेन बनतं आणि मग हळूहळू त्याच्या जागी पक्कं टाइप १ येतं, आणि हे काम आठवड्यांचं नाही, महिन्यांचं आहे. मावशीच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, आता करून घेऊ का, असं कुणी विचारलं तर उत्तर इथेच आहे. तीन आठवड्यांत जे दिसतं त्यात सुजेमुळे आलेला तजेला बराच असतो, खड्डा भरायला वेळ लागतो आणि सीटिंगही एका महिन्याच्या अंतराने चार-पाच लागतात.

डर्मारोलर या नावाने जर्मनीतून आलेला रोलर मग जगभर पोचला. क्लिनिकमध्ये वापरतात त्या रोलरचा दांडा साधारण १२ सेंटिमीटरचा आणि टोकाला छोटा ड्रम, त्यावर १९२ सुया. आधी बधिर करणारं क्रीम लावून पाऊण-एक तास बसवतात, मग त्वचा ताणून धरून आडवं, उभं, तिरकं फिरवतात, आणि लाल ठिपके सगळीकडे सारखे उमटले की डॉक्टर थांबतात. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी सुया साधारण दीड मिलिमीटरच्या असतात.

भारतात याचं स्वागत पटकन झालं आणि कारण उघड आहे, लेझर मशीनला लाखो रुपये लागतात आणि रोलरला नाही. २००९ मध्ये श्रीनगरच्या डॉ. इम्रान माजिद यांनी चेहऱ्यावर खड्डे असलेल्या पेशंटवरचा अभ्यास छापला, ३६ पैकी २६ जणांचे व्रण मोजमापाच्या पट्टीवर दोन पायऱ्या किंवा जास्त उतरले, पण खोल टोकदार खड्ड्यांना फरक बेताचाच पडला, आणि हे आजही खरं आहे, उथळ पसरट खड्डे ऐकतात, सुईने भोसकल्यासारखे अरुंद खड्डे ऐकत नाहीत. २०१४ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ३६ जणांवर पाच सीटिंगचा अनुभव मांडला. उपयोग होतो, स्वस्त आहे, हे त्यांनी लिहिलंच, पण काहींना काळे डाग पडले आणि काहींच्या चेहऱ्यावर रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रेघा उठल्या हेही प्रामाणिकपणे लिहिलं. हाड जिथे वर असतं, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेला, तिथे जोर जास्त पडला की या रेघा येतात. लेझरपेक्षा धोका कमी याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

आणि मुंबईच्या सायन हॉस्पिटलचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टक्कल पडायला लागलेल्या १०० पुरुषांवर अभ्यास केला, अर्ध्यांना नुसतं मिनॉक्सिडिल हे केस वाढायला लावायचं औषध, अर्ध्यांना मिनॉक्सिडिल आणि आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर डोक्यावर. १२ आठवड्यांनी नुसत्या औषधाच्या गटात ठरलेल्या जागेतले केस सरासरी २२ ने वाढले होते, रोलरच्या गटात ९१ ने. पालिकेच्या हॉस्पिटलातून निघालेला हा पेपर आज जगभर केसांवरच्या मायक्रोनीडलिंगची चर्चा निघाली की आधी पुढे येतो, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

पुढे पेनसारखं हातात धरायचं मोटरवरचं यंत्र आलं, त्याला पेनच म्हणतात. रोलरची सुई तिरकी शिरते आणि तिरकी निघते, पेनमधली मोटर ती सरळ आत-बाहेर करते आणि खोली आकड्यावर लावता येते, डिस्पोजेबल टोक प्रत्येकाला वेगळं. मग सुयांच्या टोकाशी रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता देणारी मशीनं आली, ती भाजूही शकतात म्हणून त्यांचा हिशोब वेगळा.

ग्लोची लाट आली ती २०१३ मध्ये किम कार्दशियनने रक्ताळलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकल्यावर, व्हॅम्पायर फेशियल म्हणून. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेट्सचा भाग सुयांनी चेहऱ्यात देण्याची ही पद्धत, आणि फोटो इतका फिरला की व्रणांचा उपचार स्पाच्या मेन्यूत जाऊन बसला. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये असं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, तो स्पा २०१८ मध्ये बंद केला आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने त्याचा अहवाल छापला. २०१४ मध्ये तीन बायकांच्या केसेस छापून आल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंगबरोबर सीरम वगैरे लावलं होतं आणि नंतर त्वचेत गाठी आल्या. बाटलीतलं सीरम अखंड त्वचेवर लावायला बनवलेलं असतं, छिद्रांमधून आत सोडायला नाही.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २०१८ मध्ये स्किनपेन या यंत्राला मायक्रोनीडलिंगची पहिली परवानगी दिली ती २२ आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या व्रणांसाठी. २०२० मध्ये त्यांनी नियम स्पष्ट केले की नुसती वरची मृत त्वचा काढणारी आणि जिवंत थरात न शिरणारी साधनं वैद्यकीय उपकरणात धरायची नाहीत, शिरणारी धरायची. ऑनलाइन मिळणारे ०.२ मिलिमीटरचे रोलर आणि क्लिनिकमधला दीड मिलिमीटरचा रोलर दिसायला भावंडं असले तरी पहिल्याने डर्मिस गाठली जात नाही, त्यामुळे खड्डे भरणार नाहीत, आणि दीड मिलिमीटरचा मागवून घरी बाथरूमच्या आरशासमोर फिरवायचा तर निर्जंतुक करणं, वाकलेली सुई ओळखणं, चालू मुरुमांवरून न नेणं, आधी केलॉइड, म्हणजे फुगून वाढणारा व्रण, झालेल्यांनी लांब राहणं, यातलं काहीच कुणी बघत नसतं.