प्रकाशाची बेरीज : आत्म्यांची जुनी छायाचित्रे कशी तपासावीत?

खुर्चीवर बसलेल्या बाईच्या खांद्यामागे पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला एक फिकट चेहरा तरंगतो आहे, अशी छायाचित्रे इंग्लंड-अमेरिकेतील अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहेत. त्यांची सुरुवात 1860च्या दशकात बॉस्टनला झाली. दागिन्यांवर कोरीवकाम करणाऱ्या विल्यम ममलरच्या छायाचित्रांत दिवंगत नातलग उमटतात असा बोलबाला झाला आणि यादवी युद्धात माणसे गमावलेल्या कुटुंबांनी त्याच्याकडे धाव घेतली. 1869 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. अशी चित्रे किती प्रकारे बनवता येतात हे छायाचित्रकारांनी न्यायालयात सांगितले, परंतु त्यांपैकी नेमकी कोणती रीत ममलरने वापरली हे सिद्ध न झाल्याने तो सुटला. पुढे 1872च्या सुमारास अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नी मेरी यांनीही त्याच्याकडून छायाचित्र काढून घेतले. त्यात त्यांच्या मागे धूसर लिंकन उभे दिसतात. लबाडी शक्य होती आणि याच छायाचित्रात ती झाली, या दोन विधानांमध्ये केवढे अंतर आहे हे त्या खटल्याने दाखवले. ते अंतर कापणे हेच तपासणीचे खरे काम आहे.

त्यासाठी पहिला प्रश्न आत्म्याविषयी नव्हे, तर प्रकाशाविषयी विचारावा. त्या काळी निगेटिव्ह, म्हणजे ज्यात उजळ भाग काळा दिसतो आणि ज्यावरून कागदावर प्रिंट काढतात ते मूळ चित्र, काचेवर तयार होत असे. काचेवरच्या चांदीच्या क्षारांवर जेवढा प्रकाश पडेल तेवढी तिथे चांदी साचते, आणि एकाच काचेवर दोनदा चित्र घेतले तर दोन्ही वेळच्या प्रकाशाची बेरीज होते. या बेरजेतून काहीही वजा होऊ शकत नाही. म्हणून दुहेरी चित्रणातून आलेली आकृती मागच्या वस्तूंपेक्षा उजळ दिसू शकते, पण त्यांना झाकू शकत नाही. तिचे काळे केस पांढऱ्या भिंतीपुढे आले, तर केसांच्या जागी भिंतच दिसते. आत्मे नेहमी पांढऱ्या वस्त्रांत का येतात आणि त्यांच्यामागचा पडदा बहुधा गडद का असतो, याचे उत्तर इथे आहे : गडद पार्श्वभूमीवरच पांढरे वस्त्र ठसठशीत उमटते. उलट, आत्म्याचा काळा कोट बसलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याला पूर्ण झाकत असेल, तर ते साधे दुहेरी चित्रण असूच शकत नाही. मग एखादी कात्रण चिकटवून पुन्हा छायाचित्र घेतले का, हे पाहावे लागते.

पारदर्शक आकृतीला आणखी एक कारण असू शकते. जुन्या कॅमेऱ्यांत काचेला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे. तेवढ्यात एखादा माणूस चौकटीतून निघून गेला, तर तो अर्धवट उमटतो. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1856 मध्येच ही युक्ती करमणुकीसाठी लिहून ठेवली होती. दोहोंतला फरक सावल्यांवरून कळतो. निघून गेलेला माणूस त्याच खोलीत, त्याच खिडकीच्या उजेडात उभा होता; म्हणून त्याच्या नाकाची सावली इतरांच्या सावल्यांच्याच दिशेला पडते. दुसरीकडून आणलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत हा मेळ बहुतेक वेळा बसत नाही.

चेहरा कुठून आणला हेही कधीकधी भिंगाखाली उघड होते. वर्तमानपत्रांत छायाचित्र छापताना ते बारीक ठिपक्यांच्या जाळीत फोडले जाते, तर खऱ्या प्रिंटमध्ये अशी जाळी नसते. बाकी चित्र सलग आणि केवळ आत्म्याच्या चेहऱ्यावर ठिपके असतील, तर तो छापील पानावरून उचलला आहे असे खात्रीने म्हणता येते. आत्म्यांची छायाचित्रे काढणाऱ्या लंडनच्या एडा डीन यांनी 1924च्या युद्धविराम दिनी, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्याच्या स्मरणदिनी, घेतलेल्या छायाचित्रात जमावावर मृत सैनिकांचे चेहरे तरंगताना दिसले. ‘डेली स्केच’ने ते छापले आणि त्यांतले काही चेहरे हयात असलेल्या नामांकित खेळाडूंचे असल्याचे दाखवून दिले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती भुताखेतांच्या दाव्यांची तपासणी करणारे इंग्रज संशोधक हॅरी प्राइस यांची 1922ची चाचणी, कारण तिने चित्राऐवजी काचेवर पहारा ठेवला. क्रू गावचा सुतार विल्यम होप याच्या छायाचित्रांवर आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्यांचा विश्वास होता. प्राइस यांनी काचा बनवणाऱ्या कंपनीकडून एका पाकिटातल्या काचांवर क्ष-किरणांनी कंपनीचे सिंहाचे चिन्ह आधीच उमटवून घेतले. काच धुतल्यावरच ते दिसणार होते. होपने त्या काचा वापरून चित्रे घेतली, एकीवर आत्माही आला, परंतु सिंह कुठेच उमटला नाही. अर्थात काचा मधल्या मध्ये बदलल्या गेल्या होत्या. होपच्या समर्थकांनी पाकिटातच फेरफार झाल्याचा आरोप केला आणि त्याचा व्यवसाय चालूच राहिला.

पॅरिसच्या एदुआर ब्युगे याने तर 1875च्या खटल्यात लबाडी कबूल केली, आणि पोलिसांनी त्याच्या स्टुडिओतून वस्त्रे गुंडाळण्याची बाहुली व कापलेल्या चेहऱ्यांचा साठा जप्त केला. तरीही काही साक्षीदार आपल्या माणसाला आपण ओळखलेच, यावर ठाम राहिले. शोकात बुडालेल्या माणसाला यासाठी बोल लावणे मला क्रूर वाटते. मात्र धूसर चेहऱ्याची नातलगांनी पटवलेली ओळख हा तपासणीतला सर्वांत कच्चा पुरावा आहे, हे मान्य करावेच लागेल.

घरातले असे छायाचित्र हाती आले, तर ते पुसू किंवा धुऊ नये. आधी मागची बाजू पाहावी, मग काळोखात त्यावर अतिनील प्रकाश टाकावा. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी चमकद्रव्ये 1950च्या दशकापासून छायाचित्रांच्या कागदात आली. त्यामुळे ‘1900चे’ म्हणून सांगितलेले प्रिंट निळसर लखलखले, तर ती नंतर काढलेली प्रत असते. साध्या पेटी-कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकवायचे राहून गेले तरी एकावर एक चित्र पडे, आणि त्यात कोणाचाही कपटी हेतू नसे. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात प्रिंटच्या जिलेटिनवर वाढणारी बुरशीही धूसर डाग पाडते, आणि त्यात चेहरा शोधणाऱ्याला तो सापडतो.

भारतीय स्टुडिओंत आणखी एक प्रथा होती. दिवंगत आजोबांचे जुने छायाचित्र कुटुंबाच्या नव्या चित्रात जोडून देण्याचे काम छायाचित्रकार उघडपणे करीत, आणि तो जोड रंगांनी बुजवीत. प्रिंट आडव्या उजेडात तिरके धरले, तर कुंचल्याचे हे थर कागदापासून किंचित वर उठलेले दिसतात. त्याच अल्बममध्ये आजोबांचे एकट्याचे छायाचित्र असेल, तर दोन्हींमधला मानेचा कोन, डोळ्यांतली चमक आणि गळ्याजवळची सावली ताडून पाहावी. तिन्ही तंतोतंत जुळली, तर जोडलेला चेहरा त्या एकट्याच्या छायाचित्रातून घेतला आहे.