टायबरमधले आजाऱ्यांचे बेट

रोमच्या ऐन मध्यावर टायबर नदीच्या पात्रात जेमतेम 270 मीटर लांबीचे एक बेट आहे. हाकलून दिलेल्या टार्क्विन राजाच्या शेतातले धान्य लोकांनी नदीत लोटले आणि त्या ढिगावर गाळ साचून हे बेट झाले, अशी कथा लिव्ही हा इतिहासकार सांगतो. कथा रंजक असली तरी बेटाचे भवितव्य ठरवले ते एका साथीने.

इ.स.पू. 293 मध्ये रोममध्ये रोगराई पसरली, तेव्हा ग्रीसमधील एपिडॉरसहून वैद्यकाच्या देवाचा, म्हणजे एस्क्युलापियसचा, पवित्र सर्प आणण्यात आला. परंपरेनुसार तो जहाजातून उतरून पोहत या बेटावर गेला, म्हणून मंदिर येथेच उभारले गेले. सर्पाची निवड सोयीचीही होती, कारण वस्तीपासून तुटलेली आणि तरीही हाकेच्या अंतरावरची अशी जागा आजाऱ्यांसाठी शहरात दुसरी नव्हती. पुढे बेटाच्या काठाला ट्रॅव्हर्टाइन दगडात जहाजाचा आकार दिला गेला. त्यावर कोरलेला देवाचा सर्पवेष्टित दंड अजूनही ओळखू येतो.

या जागेला निष्ठुर बाजूही होती. उपचाराचा खर्च टाळण्यासाठी धनी आपले आजारी गुलाम येथे आणून टाकत. ही प्रथा इतकी बोकाळली की असा गुलाम बरा झाल्यास तो स्वतंत्र समजावा, असा हुकूम सम्राट क्लॉडियसला काढावा लागला.

बेटाला शहराशी जोडणारा, इ.स.पू. 62 मध्ये बांधलेला फॅब्रिशियस पूल आजही पायी ओलांडता येतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट तिसऱ्या ऑटोने बहुधा मंदिराच्याच जागी चर्च उभारले. 1585 मध्ये सेंट जॉन ऑफ गॉड यांच्या ख्रिस्ती पंथातील धर्मबंधूंनी येथे रुग्णालय सुरू केले आणि 1656 च्या प्लेगमध्ये बेटाचा वापर रुग्णांच्या विलगीकरणासाठी झाला.

याच रुग्णालयात 1943 च्या ऑक्टोबरमध्ये, पुलापलीकडच्या ज्यू वस्तीवर नाझींनी धाड घातल्यानंतर, जोव्हानी बोरोमेओ आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी आश्रयाला आलेल्या ज्यूंना रुग्ण म्हणून दाखल केले. त्यांच्या कागदांवर ‘के’ नावाचा एक भयंकर संसर्गजन्य आजार नोंदवला जाई. तो आजार कोणत्याही वैद्यकग्रंथात नव्हता. जर्मन सैनिकांनी त्या खोल्यांपासून दूर राहावे, एवढ्यासाठीच तो रचलेला होता.