फर्मवेअरची ईएलएफ फाईल आणि ‘ऑब्जडंप’: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या पंप-नियंत्रकासाठी, वजनकाट्यासाठी किंवा पॅनेलसाठी आम्ही फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) तयार करून देतो, तेव्हा आपल्या हाती दोन फायली येतात. बिन फाईल प्रोग्रॅमर (चिप भरण्याचे उपकरण) जोडून थेट चिपमध्ये भरली जाते, त्यामुळे तिची काळजी सगळेच घेतात. दुसरी ईएलएफ फाईल (त्याच फर्मवेअरची नावे व पत्त्यांसह प्रत) आकाराने बरीच मोठी असते, उत्पादनात तिचे काम पडत नाही, आणि संगणक बदलताना ती सहसा मागेच राहते. यंत्र बाजारात गेल्यावर काही बिघडले तर कारण शोधताना खरा आधार याच फाईलचा असतो. तो कसा, हे ऑब्जडंप या साधनाचे काम पाहिल्यावर स्पष्ट होते.

ऑब्जडंप हा ग्नू बिनयुटिल्स या मुक्त साधनसंचाचा भाग आहे. त्याला खिडक्या किंवा बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप केली की उत्तर मजकुराच्या रूपात समोर येते. चिपमध्ये साठवलेले आकडे ओळखून त्यांच्या जागी माणसाला वाचता येईल अशी असेंब्ली भाषा लिहून देणे, म्हणजेच डिसअसेंबल करणे, हे त्याचे मुख्य काम आहे. आपल्या बहुतेक उत्पादनांत असलेल्या एसटीएम३२ मालिकेतील कॉर्टेक्स-एम चिपवर प्रत्येक सूचना दोन किंवा चार बाइटची असते. हेक्स (सोळा-आधारी) पद्धतीत लिहिलेला २००५ हा आकडा म्हणजे ‘आर-शून्य या रजिस्टरमध्ये (चिपमधील छोट्या साठ्यात) ५ ठेवा’, आणि ४७७० म्हणजे ‘जिथून बोलावले तिथे परत जा’. ऑब्जडंप हीच सूचना ‘बीएक्स एलआर’ अशी छापतो.

कॉर्टेक्स-एम ही आर्म रचनेची चिप आहे, आणि आर्म चिपसाठी या साधनाची वेगळी प्रत लागते. ती आर्म कंपनीच्या मोफत ग्नू टूलचेनमध्ये ‘आर्म-नन-ईएबीआय-ऑब्जडंप’ या नावाने मिळते आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते. इंटेल संगणकावरील लिनक्समध्ये आधीपासून असलेला साधा ऑब्जडंप वापरल्यास ‘ही रचना ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येण्याची शक्यता असते. त्यावरून फाईल खराब आहे असे समजू नये.

आज्ञेत साधनाचे नाव, मग हायफन व स्मॉल डी, आणि शेवटी ईएलएफ फाईलचे नाव लिहिले की प्रत्येक ओळीवर डावीकडे पत्ता, मध्ये मूळ आकडा आणि उजवीकडे सूचना दिसते, व प्रत्येक फंक्शनच्या (प्रोग्रॅममधील एका स्वतंत्र भागाच्या) आरंभी त्याचे नाव येते. हायफन व कॅपिटल एस दिल्यास, फाईल डीबग माहितीसह (सूचना व सोर्सच्या ओळी यांची सांगड घालणाऱ्या नोंदींसह) तयार केलेली असेल आणि मूळ सोर्स (हाताने लिहिलेला प्रोग्रॅम) त्या संगणकावर असेल, तर सी भाषेच्या ओळीही असेंब्लीच्या मध्ये छापल्या जातात. कंपायलरने (सोर्सचे सूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाने) वेगासाठी सूचनांचा क्रम बदललेला असतो, म्हणून या ओळी पुढेमागे झालेल्या दिसतील. तो दोष नव्हे. ईएलएफ फाईलचा आकार फुगतो तो मुख्यतः याच डीबग माहितीमुळे, आणि ती चिपमध्ये जात नसल्याने फ्लॅश मेमरीची (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीची) जागा अडत नाही.

आता हीच गोष्ट फक्त बिन फाईलवरून करायची झाली तर काय होते ते पाहावे. बिन फाईलमध्ये निव्वळ बाइट असतात. चिप कोणती, सुरुवातीचा पत्ता कोणता, कोड कुठे संपतो आणि माहिती कुठे सुरू होते, यांपैकी काहीच त्यात नोंदलेले नसते. ते सारे आज्ञेतून आपणच सांगावे लागते: फाईल कच्ची आहे, रचना आर्म आहे, सूचना थंब पद्धतीच्या (आर्मच्या आटोपशीर सूचनांच्या) आहेत, आणि एसटीएम३२च्या फ्लॅशचा आरंभ हेक्समध्ये ०८०००००० या पत्त्यावर आहे. येथे स्मॉल डी चालत नाही, कॅपिटल डी द्यावा लागतो, कारण कच्च्या फाईलमधील मजकूर साधनाच्या लेखी कोड नसतोच. इतके करूनही पहिल्या काही ओळी निरर्थक दिसतात, कारण तिथे सूचना नसून व्हेक्टर तक्ता (मुख्यतः पत्त्यांची यादी) असतो. त्यातला पहिला शब्द (चार बाइटचा आकडा) हा स्टॅकचा, म्हणजे रॅममधील तात्पुरत्या साठ्याचा, आरंभ असतो. २० किलोबाइट रॅम असलेल्या चिपवर तो बहुधा २०००५००० असा दिसतो. दुसरा शब्द रीसेटनंतर जिथून काम सुरू होते तो पत्ता देतो. तो ०८०००१३५ असा विषम दिसला तर प्रत्यक्ष कोड ०८०००१३४ वर शोधावा. शेवटचा १ ही केवळ थंब पद्धतीची खूण आहे.

त्याहून फसवा प्रकार फंक्शनच्या शेवटी आढळतो. मोठे स्थिरांक आणि पेरिफेरलचे (चिपमधील टायमर, पोर्ट अशा जोडभागांचे) पत्ते कंपायलर कोडलगतच ठेवतो. ईएलएफ फाईलमध्ये ‘येथून माहिती, येथून कोड’ अशा खुणा असल्याने ऑब्जडंप त्यांना वेगळे दाखवतो. बिन फाईलमध्ये खुणा नसतात, आणि साधन सरळ एकामागून एक बाइट वाचत जात असल्याने त्या स्थिरांकांचेही सूचनांत रूपांतर करते. ही खोटी असेंब्ली पाहून ‘फर्मवेअरमध्ये काहीतरी विचित्र आहे’ असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. बिन फाईल वाचणे अशक्य नाही; वाचता येते, पण अनुभवी माणसाचाही पुष्कळ वेळ जातो आणि तो वेळ शेवटी आपल्याच बिलात येतो.

यंत्र चालता चालता अडकले आणि हार्डफॉल्ट (चिपने ओळखलेला गंभीर बिघाड) झाला, तर कॉर्टेक्स-एम गाभा त्या क्षणीची आठ रजिस्टरे स्टॅकवर ठेवतो. त्यांतले सातवे म्हणजे प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे त्या वेळच्या सूचनेचा पत्ता. हा पत्ता ऑब्जडंपच्या यादीत शोधला की कोणत्या फंक्शनमधल्या कोणत्या सूचनेवर काम थांबले ते कळते. मेमरीत लिहिताना झालेल्या काही बिघाडांत खरी सूचना त्या पत्त्याच्या थोडी आधीची असते, म्हणून मागच्या काही ओळीही पाहाव्यात. मात्र यादी त्याच बिल्डच्या (त्याच वेळी तयार केलेल्या फर्मवेअरच्या) ईएलएफची हवी. सोर्स तोच ठेवून कंपायलरची आवृत्ती बदलली तरी पत्ते सरकू शकतात, आणि मग यादी चुकीच्याच फंक्शनकडे बोट दाखवते.

ऑब्जडंप सोर्स परत मिळवून देत नाही. टिप्पण्या आणि मॅक्रोमागचा (सोर्समधील लघुरूपांमागचा) हेतू असेंब्लीतून वाचता येत नाही, आणि डीबग माहिती नसेल तर स्थानिक व्हेरिएबलची नावेही मिळत नाहीत. दुसऱ्या उत्पादकाच्या चिपमधील कोड अशा रीतीने उलगडण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचाव्यात. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला आपला स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा आहे, पण ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तरच. नक्कल करण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

बिघाडाची तक्रार पाठवताना फर्मवेअरची आवृत्ती, त्याच बिल्डची ईएलएफ फाईल, आणि स्टॅकवरील आठही आकडे जसेच्या तसे कळवावेत. पडद्याचे छायाचित्र चालेल, फक्त आकडे स्पष्ट वाचता यावेत. शून्य आणि आठ यांत गल्लत झाली तर शोध भलत्याच पत्त्यावर सुरू होतो.