नादारी अर्ज आणि मोफत विधी सेवा (गोवा)

कर्ज फेडण्याची ऐपत संपलेल्या व्यक्तीने न्यायालयात अर्ज करून स्वतःला नादार ठरवून घेण्याच्या प्रक्रियेला वैयक्तिक नादारी म्हणतात. या अर्जासाठी वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. अर्जदार आपली बाजू स्वतः मांडू शकतो. शिवाय अनेक कर्जदारांना, आणि बायकांना तर सरसकट, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून वसुलीवाल्यांचे फोन मुकाट सोसणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती पोहोचतच नाही, हे खरे दुखणे आहे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता, ३५,००० पर्यंत कर्ज आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मोकळे करण्याची तरतूदही त्यात आहे. ती अमलात आलेली नाही. सर्वांत गरीब ऋणकोसाठी लिहिलेली कलमेच कागदावर पडून राहावीत, याचे समर्थन करता येत नाही.

त्यामुळे सामान्य माणसाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच उरतो. (मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे.) कर्ज किमान ५०० रुपये असेल, किंवा न्यायालयाच्या पैसे भरण्याच्या हुकूमनाम्यापायी अटक वा जप्ती झाली असेल, तर ऋणको जिथे राहतो वा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. अर्जात प्रत्येक सावकाराचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहावी लागते. बँक, पतसंस्था, दुकानदाराची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले उसने, काहीही वगळायचे नाही. मालमत्तेची यादी किमतीसह द्यायची आणि ती न्यायालयाच्या हवाली करायची तयारी लिहून द्यायची. स्वतः अर्ज लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ या याद्यांवरच घालवावा.

गोव्यात मालमत्तेची यादी करताना एक गुंता हमखास येतो. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून घर कागदोपत्री एकट्या नवऱ्याच्या नावावर असले तरी त्यात बायकोचा अर्धा वाटा असू शकतो. कर्ज कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि जोडीदाराची संमती होती का, यावर त्या वाट्याचे काय होणार हे ठरते. एवढ्या एका प्रश्नासाठी तरी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावाच.

तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे आणि तिच्यासाठी साधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे. बँक तडजोडीला तयार असेल तर लोकअदालत हा त्याहून सोपा मार्ग. तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही, पण तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. सही करण्याआधी हप्ता खरोखर झेपेल का, ते घरी बसून नीट मोजावे.

नादार ठरले म्हणून घर धुऊन नेत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, सुताराचे रंधे-करवती, शेतकऱ्याची अवजारे आणि धर्माचारानुसार बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. केवळ गरिबीमुळे पैसे न भरणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

न्यायालयाकडून कर्जातून मोकळीक मिळेपर्यंत मात्र नादारावर बंधने असतात. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये वा अधिक उधार घेणे हा गुन्हा आहे. मोकळीक मिळाल्यावरही सरकारी देणी आणि फसवणुकीने केलेले कर्ज सुटत नाही.