आकड्यात लिहू की अक्षरात?

निफाडला मामाच्या द्राक्षबागेत बसलो होतो, ऑक्टोबर छाटणी होऊन घड पोपटी झालेले, आणि मामाने मोबाईलवरचा फवारणीचा मेसेज पुढं केला, "बघ रे, यात जीए किती टाकायचं ते सापडतंय का." जीए म्हणजे घडांवर फवारायचं वाढीचं संजीवक. दोनदा वाचल्यावर सापडलं. "शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम" हे एका लांबलचक वाक्याच्या पोटात अक्षरात लिहिलेलं. (म्हणजे १० पीपीएम, दहा लाख भागांत १० भाग, पावडर शुद्ध धरली तर.) तेच "१०० लिटरला १ ग्रॅम" असतं तर नजर थेट तिथंच गेली असती, कारण अक्षरांच्या गर्दीत आकडा वेगळा उठून दिसतो.

टेक्निकल लिखाणात म्हणूनच एकक आलं की आकडा. ग्रॅम, मिली, व्होल्ट, काहीही असो. इंग्रजीत नऊपर्यंत अक्षरात आणि पुढं आकड्यात अशी एक पद्धत बरीच चालते, पण तिथंही मापाला आकडाच.

मराठीत तर आकड्याची गरज जास्तच आहे असं मला वाटतं, कारण आपला "एक" फार सैल शब्द आहे. "एक माणूस आला होता" यात आपण कुठं मोजलेलं असतं? शिवाय एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारे मी पाहिलेत. अंदाज मात्र अक्षरातच बरा, दोन-तीन दिवस, पाच-पंचवीस झाडं. आणि दोन संख्या शेजारी आल्या की एक अक्षरात टाकायची, "२ २०० लिटरचे ड्रम" कुणीही २२०० वाचेल, "२०० लिटरचे दोन ड्रम" म्हटलं की विषय संपला.

पण खरी भीती वाटते ती आपल्या १ ची. घाईत तो इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि गावात दोन्ही आकडे सर्रास मिसळून लिहितात, मग १ ग्रॅमचे नऊ ग्रॅम व्हायला कितीसा वेळ लागतो! पॉइंटचंही तसंच, .५ मधला ठिपका पुसट छापला की ५ होतो म्हणून ०.५ लिहायचं, आणि १.० लिहायचंच नाही, त्याचे १० होतात.

जिथं चूक महागात पडते तिथं दोन्ही लिहावं, चेकवर लिहितो तसं. तिथं दोन्हीत फरक पडला तर १८८१ च्या कायद्याने अक्षरातली रक्कम खरी धरतात.

मामाने पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलंय: १०० लिटर, १ ग्रॅम (एक).