जुन्या इंजिनाचा पावसाळा

गणपती गेले, पाऊस जरा ओसरला की ठाण्यात घोडबंदरच्या सोसायट्यांत आणि येऊरच्या बंगल्यांत गुडघाभर वाढलेलं गवत कापायची घाई सुरू होते. जूनमध्ये ताडपत्रीखाली ढकललेलं यंत्र बाहेर निघतं, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो, पण इंजिन ढिम्म. मालकाला वाटतं, पिस्टनच गेला. बहुतेक वेळा पिस्टनला काहीही झालेलं नसतं.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये अमेरिकेत आणलेल्या ‘कब कॅडेट’सारखा जुना गार्डन ट्रॅक्टर आपल्याकडे एखाद्या हौशी माणसाकडेच सापडायचा. पण त्याच्या बॉनेटखालच्या इंजिनाचे भाऊबंद इथे पुष्कळ आहेत: एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, फारसं कॉम्प्रेशन नसलेलं पेट्रोल इंजिन. लॉन मोअरवर तेच, जुन्या जनरेटरवर तेच आणि शहापूर-मुरबाडकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या पंपावरही जवळपास तेच. साहजिकच दुखणीही सारखीच.

पहिलं दुखणं ठिणगीचं. यातल्या बऱ्याच इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलसमोरून गेलं की 1831 मध्ये फॅरेडेने दाखवून दिलेल्या नियमाप्रमाणे आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत वीज वाहू लागते. ती ऐन भरात असताना सीबी पॉइंट (प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) उघडतो आणि प्रवाह तोडतो. चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा हजार व्होल्टच्या वर दाब तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी उडते. शेजारचा कंडेन्सर तुटत्या प्रवाहाला क्षणभर सामावून घेतो. तो नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते आणि पॉइंट जळतो.

यातली गंमत अशी, की प्लगमध्ये हवेची फट उडी मारून ओलांडणाऱ्या या यंत्रणेची सुरुवात जाड तारेतल्या जेमतेम काही व्होल्टनी होते. चार महिन्यांच्या दमट हवेत पॉइंटच्या तोंडावर गंजाचा डोळ्यांनाही न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि तेवढे व्होल्ट त्याला भेदू शकत नाहीत. इंजिन ठणठणीत असतं, फक्त प्लगला करंट नसतो.

अशा वेळी लॅम्ब्रेटा आणि चेतक स्कूटरवर हात बसलेला जुना मेकॅनिक गाठावा. वागळे इस्टेट, तुर्भे या बाजूला अजून मिळतात. तो पुलर लावून फ्लायव्हील ओढतो, पॉइंटवरून बारीक कानस एकदाच फिरवतो, मग पॉइंट मिटवून मध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरतो आणि ओढून काढतो. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी. शेवटी फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, उघडलेल्या पॉइंटची फट लावतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन असो वा कोहलर, जुन्या इंजिनांत ती साधारण अर्धा मिलिमीटर असते. फ्लायव्हील निघालंच आहे तर शाफ्टवरची छोटी की, म्हणजे फ्लायव्हील जागेवर धरणारी चावी, बघून घ्यावी. ब्रिग्जमध्ये ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. पातं दगडावर आदळलं, तर ही की कातरते आणि शाफ्ट वाचतो. पण मग ठिणगी भलत्याच वेळी पडते, आणि लोक कार्बोरेटर पिळत बसतात.

कार्बोरेटरची तक्रार अर्थात खोटी नसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याचं भारी आकर्षण. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर ओल शिरत राहिली आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी असते नेमकी तळाशी. जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, ते बदलण्यावाचून इलाज नाही. शिवाय नुसत्या पेट्रोलच्या किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन उपाशी आणि गरम चालतं. माझ्या मते इथे जुनं इंजिन नव्यापेक्षा सरस. त्याच्या कार्बोरेटरला बऱ्याचदा हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलायचा स्क्रू असतो. तो थोडा सैल केला की झालं. हल्लीच्या बंद जेटवाल्या (पेट्रोलचं भोक कायमचं ठरवलेल्या) कार्बोरेटरमध्ये ती सोयच ठेवलेली नाही.

ऑइलबद्दल मात्र हयगय चालत नाही. यातल्या बहुतेक इंजिनांत ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी फिरता फिरता ऑइल उडवते आणि त्यावरच सगळं भागतं. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आणि तो बऱ्याचदा थेट क्रँकवर बसवलेला, मध्ये बेअरिंगसुद्धा नाही. येऊरच्या उतारावर यंत्र बराच वेळ कलतं राहिलं आणि त्यात ऑइल कमी असेल तर पळी कोरडी फिरते, रॉड क्रँकला चिकटतो आणि तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यानंतर सिलिंडर बोअर करणाऱ्याकडे नेऊनही फारसा उपयोग नसतो. सिलिंडरच्या पंखांत अडकलेलं वाळकं गवतही काढायला हवं, नाहीतर वाऱ्याला वाटच मिळत नाही.

पुढच्या मेअखेरीस यंत्र ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. गार झालं की प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत लावा. मग दोरी पुन्हा सावकाश ओढा आणि जिथे जड लागेल तिथेच थांबा. तिथे पिस्टन कॉम्प्रेशनवर असतो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि पावसाची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.