नासक हिरा

नासक हिरा हा गोवळकोंडा भागातल्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला गेलेला आणि १८१८ साली पेशवाईबरोबरच इंग्रजांच्या हाती पडलेला हिरा. त्याचे नाव नाशिकवरून पडले. ‘शंकराचा डोळा’ असेही त्याला म्हणतात. आजचे वजन ४३.३८ कॅरट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्याही किंचित आत.

परंपरेनुसार पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून हा हिरा त्र्यंबकराजाच्या जवाहिरात होता. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसरा बाजीराव शरण आला. त्यानंतर कर्नल ब्रिग्ज याच्यामार्फत हिरा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडे गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीने तो विक्रीसाठी लंडनला धाडला.

लंडनच्या बाजारात आला तेव्हा त्याचे वजन जवळपास ९० कॅरट भरले. पाणी उत्तम, पण घडण तिथल्या जवाहिऱ्यांना पसंत पडेना. हिंदुस्थानी कारागीर पैलू पाडताना वजन राखायला बघत. खड्याचा मूळ आकार सांभाळून जेवढे घासता येईल तेवढेच घासत. त्यामुळे खडा मोठा राही, झळाळी मात्र बेताची. रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याला नव्याने पैलू पाडले. तिथला कारागीर हात राखून वागला असेच म्हणायला हवे, कारण त्रिकोणी ठेवण कायम ठेवून त्याने अकरा कॅरटच काय ते घालवले. १८३०च्या दशकात ७,२०० पौंडांना विकला गेलेला हा हिरा १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस या इंग्रज उमरावाने घेतला आणि समारंभी तलवारीच्या मुठीत बसवला.

१९२७ साली पॅरिसचे जवाहिरे मोबुसाँ यांनी तो अमेरिकेत आणला, तेव्हा जकातीचा वाद उभा राहिला. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना तिथे जकात माफ होती आणि हिरा त्याच सवलतीत आणला होता. प्रकरण न्यायालयात गेले. एका अर्थी प्रश्न रास्तच होता: दगड कितीही प्राचीन असला तरी पैलू लंडनचे, एकोणिसाव्या शतकातले, मग जुनी वस्तू कोणती मानायची?

खरी कात्री लावली ती न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी. १९४०मध्ये हिरा हाती येताच त्यांनी तो एमराल्ड कट पद्धतीने घडवला, म्हणजे कोपरे छाटलेला चौकोनी आकार दिला. आजच्या कॅरटमध्ये मोजले तर ८० कॅरटच्या वर असलेला खडा निम्म्याच्या आसपास आला. तेज वाढले, पण त्र्यंबकेश्वरच्या पुजाऱ्यांनी पाहिलेला त्रिकोणी खडा कायमचा गेला. हिरा परत आणा अशी मागणी नाशिकमधून अधूनमधून होते. ती मान्य झालीच, तर येईल तो विन्स्टनने घडवलेला चौकोनी हिरा.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर मिळाले. पुढे तो लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुवाद यांच्या संग्रहात गेला.